ठराविक पात्रे आणि त्यांची बोली : नाट्य, कथा व चित्रपट यांतील संकेतांचा एक मागोवा

१

छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीचे औरंगाबाद) सिल्लोडमार्गे अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलंब्री हे तालुक्याचे गाव लागते. त्याच्या उत्तरेस अजिंठ्याची लेणी आहेत आणि दक्षिणेस गोदातीरी पैठण आहे. एका ठिकाणी कथा भिंतींवर रंगविल्या गेल्या. दुसऱ्या ठिकाणी त्या सांगितल्या व गायिल्या गेल्या. या दोहोंच्या मध्ये असलेल्या फुलंब्रीचे नाव महाराष्ट्रातील रसिकांच्या तोंडी बसले ते मात्र एका आडनावामुळे. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर (१८९८-१९७४) यांचा जन्म आळंदीचा. त्यांचे गायनाचे शिक्षण भास्करबुवा बखले यांच्याकडे झाले आणि त्यांची कारकीर्द प्रथम गंधर्व नाटक मंडळीत व नंतर प्रभात चित्रसंस्थेत घडली. गाव राहिले ते आडनावात.

१९३५ साली प्रभातने ‘धर्मात्मा’ हा चित्रपट पडद्यावर आणला. त्याचे दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे होते, संगीत मास्टर कृष्णरावांचे होते आणि पैठणच्या एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली होती. आरंभी योजिलेले ‘महात्मा’ हे नाव परिनिरीक्षण मंडळास मान्य न झाल्यामुळे ते बदलावे लागले. या चित्रपटात संत आहे, त्याचा छळ करणारा महंत आहे आणि ज्यांच्या पंक्तीस संत बसतो ते अस्पृश्य कुटुंबही आहे. यांपैकी कोणाचीही ओळख करून देण्याची प्रेक्षकांना गरज नव्हती. महंत पडद्यावर येताच तो काय करणार हे त्यांना ठाऊक होते. कथा कळण्यापूर्वी पात्र कळते, ही गोष्ट नाटकात, चित्रपटात व आजीच्या गोष्टीत सारखीच आढळते. अशा पात्रांना ‘ठराविक पात्रे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे व तो शब्द बहुधा दोष दाखविण्यासाठीच वापरला जातो.

प्रस्तुत निबंधात ठराविक पात्रांच्या गुणदोषांपेक्षा त्यांच्या घडणीचा विचार केला आहे. पात्र ठराविक होते ते कशामुळे? वेष, रंग, चाल, नाव ही उत्तरे सहज सुचतात व ती खोटीही नाहीत. परंतु जेथे पात्र बोलते तेथे त्याची जागा निश्चित करणारी सर्वांत बळकट खूण म्हणजे त्याची बोली होय. मराठी रंगभूमीच्या व चित्रपटाच्या इतिहासात ठराविक पात्रे खऱ्या अर्थाने बदलली ती कथानक बदलल्याने नव्हे, तर कोणाच्या तोंडी कोणती भाषा घालावयाची हा वाटा बदलल्याने, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२

आरंभी जेथे बोलीच नाही अशा कथनाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची चित्रे आहेत. दानशूर राजपुत्र आपली मुलेसुद्धा दान करतो व ती मागून नेणारा जूजक हा लोभी ब्राह्मण या कथेतील ठराविक पात्र आहे. चित्रकाराला त्याच्या तोंडी शब्द घालता येत नाहीत. म्हणून त्याने जूजकाचा सारा स्वभाव त्याच्या विद्रूप चेहऱ्यात व वाकलेल्या देहात साठविला आहे. एकाच भिंतीवर राजपुत्र अनेकदा येतो. प्रत्येक प्रसंगात तो तोच आहे हे मुकुटावरून व शरीराच्या ठेवणीवरून ओळखावयाचे असते. हा पाहणाऱ्याशी झालेला एक करार होय. तो ठाऊक नसेल तर एकाच राजपुत्राच्या जागी पाचसहा राजपुत्र दिसू लागतील.

नाटककाराजवळ मात्र वाणी असते, आणि भारतीय नाट्यशास्त्राने तिची वाटणी मोठ्या काटेकोरपणे केली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याचे स्वतंत्र विधान आहे. राजा व उत्तम प्रतीचे पुरुष यांना संस्कृत, नायिका व तिच्या सख्या यांना शौरसेनी, आणि खालच्या थरातील पात्रांना मागधी व इतर विभाषा अशी ती वाटणी आहे. पुढे स्त्रियांचे गद्य शौरसेनीत आणि त्यांची गीते महाराष्ट्रीत असा संकेत रूढ झाला; चौदाव्या शतकातील साहित्यदर्पणात तो स्पष्टपणे नमूद आहे. ही महाराष्ट्री म्हणजे सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीची भाषा. महाराष्ट्रातील प्राकृत ही सर्व प्राकृतांत श्रेष्ठ होय, असे दंडीनेही म्हटले आहे. गोदाकाठची भाषा अशा रीतीने सबंध देशाच्या रंगभूमीवर पोहोचली, पण तेथे तिला स्त्रीच्या गीताची जागा मिळाली. राजाची जागा तिला मिळाली नाही.

या वाटणीतील दोन अपवाद विशेष बोलके आहेत. पहिला विदूषकाचा. तो जातीने ब्राह्मण, राजाचा सखा, आणि तरीही प्राकृत बोलणारा. त्याच्या खादाडपणामुळे प्रेक्षक हसतात. परंतु राजाला जे कोणी सांगू शकत नाही ते सांगण्याची मोकळीक त्याला असते. त्याने उच्च भाषेचा मान सोडला आहे म्हणूनच ही मोकळीक त्याला मिळाली, असे म्हणण्यास हरकत नाही. दुसरा अपवाद मालविकाग्निमित्रातील कौशिकी या परिव्राजिकेचा. ती स्त्री असूनही संस्कृत बोलते, कारण ती विदुषी आहे. यावरून असे दिसते की, नाटकातील भाषा ही पात्राची जन्मभाषा नसून त्याला दिलेली पायरी आहे. मृच्छकटिकातील शकाराचे उदाहरण याहून पुढचे आहे. राजाचा हा मेहुणा ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो व पुराणकथांची हास्यास्पद सरमिसळ करतो. त्याचे नावच त्याच्या उच्चारावरून पडले आहे. येथे एक ध्वनी हेच संपूर्ण पात्र झाले.

पैठणशी निगडित असलेली गुणाढ्याची आख्यायिका याच संदर्भात वाचली पाहिजे. ती अकराव्या शतकातील सोमदेवाच्या कथासरित्सागरात आली आहे. पैजेत हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला आणि पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा आपल्या रक्ताने लिहिली. सातवाहन राजाने ती भाषा ऐकूनच ग्रंथ नाकारला. गुणाढ्य रानात जाऊन पशुपक्ष्यांना एक एक पान वाचून दाखवू लागला व वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. राजाला पश्चात्ताप झाला तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. हा इतिहास नव्हे, ही कथा आहे. परंतु कथेने जी गोष्ट लक्षात ठेवली ती महत्त्वाची आहे. दरबाराला गोष्ट आवडली नाही असे ती म्हणत नाही. दरबाराला गोष्टीची भाषा आवडली नाही, असे ती म्हणते.

३

लोककथेच्या अभ्यासात मात्र बोलीचा हा धागा बहुधा सुटून जातो. रशियन संशोधक व्लादिमीर प्रॉप याने १९२८ साली अद्भुतकथेची रचना उलगडून दाखविली. नायक, खलपुरुष, दाता, साहाय्यक इत्यादी सात भूमिका आणि त्यांची एकतीस कार्ये यांत सारी कथा सामावते, असे त्याचे प्रतिपादन आहे. हा ग्रंथ १९५८ साली इंग्रजीत आल्यानंतर त्याचा सर्वत्र प्रभाव पडला. आपल्याकडील राक्षस, राजपुत्र, सावत्र आई, बोलणारा पोपट यांना ही चौकट पुष्कळशी लागू पडते. परंतु प्रॉपच्या चौकटीत पात्र काय करते हे येते. ते कसे बोलते हे येत नाही. मेरी फ्रिअर यांचा ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा संग्रह १८६८ साली प्रसिद्ध झाला. दख्खनच्या दौऱ्यात सोबत असलेल्या अ‍ॅना लिबराता डिसोझा या आयाने सांगितलेल्या कथा त्यात आहेत. त्या इंग्रजीत सांगितल्या गेल्या व इंग्रजीत छापल्या गेल्या. त्यामुळे राजा, माळीण व राक्षसीण या सर्वांची भाषा एकसारखी झाली. कथेचा सांगाडा वाचला, पण तिचे आवाज हरपले.

तथापि सर्वच कथांत आवाजांची वाटणी असते असे नाही. श्रावणातील व्रतांच्या कहाण्या पाहाव्यात. ‘आटपाट नगर’ म्हणताच ऐकणारा रोजच्या व्यवहारातून बाहेर पडतो आणि ‘सुफळ संपूर्ण’ म्हणताच परत येतो. या दोन शब्दांच्या मध्ये राजा, नावडती राणी, गरीब ब्राह्मण, नाग, शंकर-पार्वती हे सारे एकच घरगुती मराठी बोलतात. पात्रांना विशेषनामे क्वचितच असतात. आवडती व नावडती, थोरली व धाकटी, सासरची व माहेरची अशा नात्यांवरून त्यांची ओळख पटते. याचे कारण उघड आहे. कहाणी सांगणारी व्यक्ती एकच असते, बहुधा घरातील वडीलधारी स्त्री, आणि तिच्या एका आवाजात सर्वांना राहावे लागते. यावरून एक नियम सांगता येईल. जेथे एकच सांगणारा असतो तेथे पात्र नात्याने ठरते. जेथे अनेक बोलणारे असतात तेथे ते बोलीने ठरते. कहाणीत नावडतीला अखेर न्याय मिळतो. आणि देवालाही तिच्याच भाषेत बोलावे लागते.

तेराव्या शतकातील महानुभाव गद्यात या एका आवाजाचे वेगळे रूप दिसते. चक्रधरांनी सांगितलेले लहान लहान दृष्टांत केसोबासांनी दृष्टांतपाठात एकत्र केले. त्यांतील पात्रे बहुधा ‘कोणी एक’ अशी असतात आणि कथा संपताच तिचा अर्थ उलगडला जातो. कथेला आवश्यक तेवढेच पात्र येथे आहे. त्याच्यापाशी स्वतःची बोली नाही व तिची अपेक्षाही नाही.

अनेक आवाज मराठीत पूर्णपणे आले ते सोळाव्या शतकात, एकनाथांच्या (१५३३-१५९९) भारुडांत. जोशी, वासुदेव, गोंधळी, भुत्या, महार, जोगी अशी गावगाड्यातील पात्रे एकामागून एक येतात. प्रत्येक जण आपापल्या व्यवसायाच्या शब्दांत बोलतो. जोहारांत महाराच्या तोंडी गावच्या वसुलीचे व कारभाराचे, फारसी वळणाचे शब्द येतात. हिंदू-तुर्क संवादात दखनी भाषा येते. ही सर्व पात्रे श्रोत्यांना दररोज दारात दिसणारी होती. म्हणजेच ती पूर्णपणे ठराविक होती. त्यांच्या मुखातून येतो तो मात्र अद्वैताचा विचार. संस्कृत नाटकात खालची भाषा बोलणाऱ्याला खालचेच विषय मिळत. एकनाथांनी भाषा तीच ठेवली व तिला सर्वांत वरचा विषय दिला. पात्र ओळखीचे नसते तर हा पालट कोणाला जाणवलाच नसता. ठराविकपणा हा येथे अडसर नसून साधन आहे, हे विसरता कामा नये.

४

पुढील काळात मात्र जुनी वाटणी पुन्हा पुन्हा डोके वर काढताना दिसते. कोकणातील दशावतारात देव व राजे नागर मराठीत बोलतात, तर आरंभी येणारा संकासूर मालवणीत विनोद करतो. तमाशात गण, गवळण, बतावणी व वग असा क्रम असतो. गवळणीत पुरुषाने रंगविलेली मावशी व कृष्णाचा सवंगडी पेंद्या ही ठरलेली पात्रे. वगातील राजा ग्रांथिक मराठीत आज्ञा देतो आणि सोंगाड्या गावच्या बोलीत तिची फिरकी घेतो. येथे संस्कृत बोलणारा राजा आणि प्राकृत बोलणारा विदूषक यांची जोडी नव्या वेषात पुन्हा उभी राहिलेली दिसते. फरक एवढाच की, तमाशाचा प्रेक्षक सोंगाड्याची भाषा बोलणारा असतो. त्यामुळे फडात राजाच परका ठरतो.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग झाला. त्या नाट्यप्रकारात सूत्रधार सर्व पदे गात असे, विदूषक आरंभी त्याच्याशी संवाद करी आणि बाकीची पात्रे प्रसंगानुसार आपली भाषणे आयत्या वेळी करीत. राक्षसांच्या आरडाओरडीवरून या नाटकांना पुढे ‘अललडुर्र’ असे थट्टेचे नाव मिळाले. राक्षसाला बोलण्याऐवजी गर्जना देण्यात आली, ही गोष्ट भाषेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. देव बोलतो, माणूस बोलतो. राक्षस नुसता आवाज करतो. भाषांच्या उतरंडीतील ही शेवटची पायरी होय. गुणाढ्याच्या कथेत ती पिशाचांच्या भाषेला मिळाली होती.

भाव्यांच्या प्रयोगानंतर बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिले. अडाणी कुणबी दांपत्याला ग्रहदशेची भीती घालून नाडणारा जोशी, त्याला प्रश्न करणारा पाद्री आणि मधून मधून भाष्य करणारा विदूषक अशी त्याची मांडणी आहे. पात्रे सर्व ओळखीची आहेत. एकनाथांच्या भारुडातील जोशी येथेही आहे, परंतु तो आता गूढार्थ सांगत नाही. तो दक्षिणा काढतो. विशेष म्हणजे विदूषकाची जुनी मोकळीक फुल्यांनी पूर्णपणे वापरली. राजाची समजूत घालणारा हा सखा त्यांच्या हाती कुणब्याची बाजू मांडणारा साक्षीदार झाला. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही, आणि सव्वाशे वर्षांच्या आसपास ते अप्रकाशित राहिले. गुणाढ्याच्या आख्यायिकेतील नकार येथे इतिहासात घडला.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले आणि १८८२ साली ‘सौभद्र’. संस्कृत नाटक मराठीत येताच भाषांची जुनी वाटणी आपोआप मोडली; दुष्यंत व शकुंतला एकाच मराठीत बोलू लागले. पण ही मराठी शहरी, सुशिक्षित घरांतील होती आणि हळूहळू तीच नाटकाची सर्वसाधारण भाषा ठरली. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ नाटकात (१८९९) ठराविक पात्र सुधारणेच्या कामी लागले. जरठ नवरदेव भुजंगनाथ, लोभी बाप कांचनभट व मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित हे तिघेही जुन्या साच्यातले. त्यांच्या नावांतच त्यांचा स्वभाव सांगितला आहे. प्रेक्षकांना साचा माहीत होता म्हणूनच बाला-जरठ विवाहाविरुद्धचा आघात अचूक बसला. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील (१९१९) तळीरामाने तर नाटकाची सीमा ओलांडली. त्याचे विशेषनाम मराठीत सामान्यनाम झाले. नाटक न पाहिलेला मनुष्यही मद्यप्याला तळीराम म्हणतो. नारद, शकुनिमामा, कुंभकर्ण, त्राटिका यांच्या रांगेत पुराणाबाहेरचे असे एक नाव नाटकाने भरले. ठराविक पात्र समाजाकडून भाषा घेते आणि कधी कधी समाजाला शब्द परतही देते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

५

बोलपटाने हे सारे संकेत वारशाने घेतले. आरंभीच्या काळात त्याला नट, गायक व संगीतकार रंगभूमीनेच पुरविले. मास्टर कृष्णरावांचे उदाहरण यादृष्टीने प्रातिनिधिक आहे. त्यांनी संगीत दिलेल्या प्रभातच्या तीन चित्रपटांत ठराविक पात्रांचे तीन वेगळे पालट आढळतात.

‘धर्मात्मा’मध्ये जन्मभर स्त्रीभूमिका गाजविलेल्या नटाने संताची भूमिका केली. पुरुषाने स्त्री व्हावयाचे हा रंगभूमीचा संकेत कॅमेऱ्यापुढे टिकणारा नव्हता, याची जाणीव या निवडीतच दिसते. ‘माणूस’ (१९३९) या चित्रपटाचा नायक गणपत हा पोलीस शिपाई आहे आणि नायिका मैना ही वेश्यावस्तीतील स्त्री आहे. नाटकात शिपाई बहुधा हसविण्यासाठी येई व गणिका मोह पाडण्यासाठी. येथे दोघांनाही माणसाचे मन दिले आहे. या चित्रपटात मैना निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या गिऱ्हाइकांपुढे एकच गाणे त्यांच्या त्यांच्या भाषांत गाते. भाषा ही पात्राची खूण असते या जुन्या संकेताचा हा सूक्ष्म वापर होय. जिला सर्वांच्या भाषा बोलाव्या लागतात तिच्या स्वतःच्या भाषेत तिच्याशी कोणी बोलत नाही. गणपत बोलतो, म्हणून तो नायक ठरतो.

‘शेजारी’ (१९४१) या चित्रपटात एका गावातील हिंदू व मुसलमान शेजाऱ्यांच्या मैत्रीची व ताटातुटीची कथा आहे. मुसलमान मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली, आणि त्याच्या ‘पडोसी’ या हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकूर झाला मझहर खान. पडद्यावरील मुसलमान पात्र म्हणजे मोडकी मराठी बोलणारा पठाण किंवा विनोदी खानसामा, या ठरलेल्या साच्याला दिलेले हे उत्तर होते. एकाच गावच्या भाषेत दोघे बोलतात, आणि भांडण लावणारा बाहेरून येतो. देश फाळणीच्या दिशेने सरकत असलेल्या वर्षांत पात्राची बोली व नटाचा धर्म यांची ही अदलाबदल निव्वळ कलाविषयक नव्हती.

तमाशापटांनी मात्र वेगळी वाट धरली. ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) या प्रकाराला लोकप्रियता दिली आणि ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) त्याचा साचा पक्का केला. तमासगिरीण, तिच्यावर वाईट नजर ठेवणारा पाटील व सूड ही त्याची आधारभूत त्रयी झाली. या शेवटच्या चित्रपटाचे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. ‘ऐका, मी सांगते’ हा कथेकऱ्याचा जुना संकेत त्यात आहेच. पण ‘सांगत्ये’ हे रूप नागर स्त्रीबोलीतले आहे. फडावरील स्त्रीच्या कथेचे नाव शहरी घरातील स्त्रीच्या व्याकरणात आले.

या चित्रपटांतील पाटील व त्याचे गडी जी गावरान भाषा बोलतात तिच्यात ‘व्हय’, ‘लई’, ‘न्हाई’, ‘पाव्हणं’ अशा खुणा वारंवार येतात. त्यांचे मूळ सातारा-कोल्हापूरच्या बाजूस आहे. पण वापरात ही भाषा कोणत्याच एका गावची राहिली नाही. मराठवाड्याच्या बऱ्याच भागांत चालू क्रियेसाठी ‘करायलो’, ‘जायलो’ अशी रूपे येतात. खानदेश व विदर्भ यांच्याकडे जावे तसे ‘करून राहिलो’ या वळणाची रूपे भेटतात. पडद्यावरील गावात ही रूपे फार काळ ऐकू आलीच नाहीत. फुलंब्री-सिल्लोडकडील प्रेक्षकाला तमाशापट पाहताना गाव ओळखीचे वाटे व बोली परकी. चित्रपटाने त्याला ग्रामीण म्हणून दाखविले ते दुसऱ्याच प्रदेशाच्या तोंडाने.

६

येथे असा आक्षेप संभवतो की, पात्राच्या तोंडी त्याची खरी बोली घालणे हा वास्तवतेचाच भाग आहे. त्यात उच्चनीचतेचा हेतू शोधणे योग्य नव्हे. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. परंतु बोली खरोखर वास्तवासाठी येत असेल तर ती सर्वच पात्रांच्या तोंडी यावयास हवी. एकाच गावात वाढलेले नायक-नायिका जर प्रमाण मराठीत प्रेम करीत असतील आणि त्यांचा गडी तेवढा बोलीत विनोद करीत असेल, तर ती बोली वास्तवासाठी नाही. ती पायरी दाखविण्यासाठी आहे. ग्रामीण कथावाङ्मयातही निवेदन प्रमाण भाषेत व संवाद बोलीत, ही विभागणी दीर्घकाळ टिकली. सांगणारा वर आणि ज्याचे सांगावयाचे तो खाली, हा जुना भाषाविधानाचाच अवशेष होय.

हा अवशेष मोडण्याचे प्रयत्न निरनिराळ्या दिशांनी झाले. सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी तमाशाची चौकट घेतली, पण गणातील देवतास्तवन व गवळणीतील शृंगार बाजूस सारला. अण्णा भाऊ साठे यांनी गणाच्या जागी मातृभूमीचे व श्रमिकांचे वंदन आणले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) या लोकनाट्यात हवालदाराची बोली राजाच्या ग्रांथिक भाषेवर मात करते. ‘सामना’त (१९७४) जुना पाटील साखर कारखानदार झाला, त्याची बोली हसण्याचा विषय राहिली नाही, ती सत्तेची भाषा झाली. औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली निघालेल्या ‘अस्मितादर्श’ने जे लेखक पुढे आणले त्यांनी तर आजवर नुसत्या पात्राची असलेली बोली निवेदकाच्या हाती देण्यास आरंभ केला. या जिल्ह्यातील बिडकीनचे मकरंद अनासपुरे यांच्या ‘कायद्याचं बोला’सारख्या (२००५) चित्रपटांमुळे मराठवाडी वळणाची भाषा नायकाच्या तोंडी आली, विनोदासाठी का होईना. पुढे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) करमाळ्याकडील बोलीत नायक-नायिकांनी प्रेम केले आणि प्रेक्षकांनी त्यावर हसावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. त्या चित्रपटातील पात्रे नवी नाहीत. श्रीमंत पाटलाची मुलगी, गरीब मुलगा व क्रूर नातेवाईक हे सारे जुनेच आहेत. शेवट मात्र कहाणीचा नाही, आणि भाषाही पायरीची नाही.

यावरून ठराविक पात्रांचे मूल्यमापन करताना केवळ ती नवी की जुनी एवढेच पाहणे पुरेसे नाही, हे ध्यानात येईल. पात्रे जुनीच असतात. कथा सांगावयाची तर ती तशी असावीच लागतात. एकनाथांचा महार, फुल्यांचा विदूषक, ‘शेजारी’तील मिर्झा व ‘सैराट’मधील पाटलाची मुलगी ही चारही पात्रे पूर्वीच्या साच्यातून आलेली आहेत. त्या साच्याला ठरवून दिलेली बोली, किंवा त्या बोलीला ठरवून दिलेला विषय, प्रत्येक ठिकाणी बदलला आहे. म्हणून रंगभूमी व चित्रपट यांच्या अभ्यासात संहितांतील कथानकाइतकेच लक्ष क्रियापदांच्या रूपांकडे, संबोधनांकडे व उच्चारांच्या खुणांकडे द्यावयास हवे. कोणत्या पात्राला ‘अहो’ म्हटले जाते व कोणाला ‘अरे’, कोणाच्या तोंडी ‘करतो आहे’ येते व कोणाच्या तोंडी ‘करायलो’, यांची पद्धतशीर नोंद प्रदेशवार झाली तर मराठी समाजाने कोणाला कोणत्या पायरीवर बसविले होते हे प्रस्तावना व परीक्षणे यांपेक्षा अधिक नेमकेपणाने समजेल. फुलंब्रीसारख्या, बोलींच्या सीमेजवळील गावांतून या नोंदीस आरंभ होणे इष्ट आहे. कारण पडद्यावरील गावाने ज्यांची बोली गाळली तेच ती चूक सर्वांत आधी ओळखतील.